काकाकुवा आणि लाल झाकणाची बिन : प्रकल्प नोंदी

आम्ही दक्षिण सिडनीत, रॉयल नॅशनल पार्कला लागून असलेल्या वस्तीत राहतो. पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे इथे कचऱ्याच्या बिनचं झाकण उघडतात आणि रस्ताभर कचरा करतात. ओळखीच्या मराठी घरांत यावर एकच सल्ला फिरत असतो, "वर दोन विटा ठेव." विटांनी भागत नाही. काय केल्यावर भागलं आणि त्याआधी काय काय फसलं, ते तारखेनिशी लिहून ठेवतो आहे. आमच्याकडे लाल झाकणाच्या बिनमध्ये घरातला ओला-सुका कचरा जातो, पिवळ्यात कागद आणि बाटल्या, हिरव्यात बागेतला पालापाचोळा. यांत्रिक हाताने बिन उचलून उलटी करणारा लाल बिनचा ट्रक गुरुवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास येतो, त्यामुळे बिन बुधवारी रात्रीच रस्त्याकडेला लावावी लागते.

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

पाच दिवसांच्या गणपतीचं काल विसर्जन झालं. लाल बिन गच्च भरली होती. नारळाच्या करवंट्या, शिळ्या पोळ्या, मोदकाचं उरलेलं सारण, सगळं त्यातच. झाकण चार बोटं उघडं राहिलं होतं, तरी तशीच बाहेर लावली.

सकाळी दार उघडलं तर घरासमोरच्या गवतावर सगळा कचरा पसरलेला. झाकण पूर्ण मागे पडलेलं. काकाकुवे खाऊन निघून गेले होते आणि त्यांच्यामागून आलेले दोन पांढरे शराटी (लांब, वाकड्या चोचीचे आयबिस पक्षी) पिशव्यांत चोची खुपसत फिरत होते. वाऱ्याने प्लास्टिकचे तुकडे गटाराच्या जाळीपर्यंत गेले होते. आमच्या बाजूचं पावसाचं पाणी पोर्ट हॅकिंगच्या खाडीत जातं, म्हणजे जाळीतून खाली गेलेलं समुद्रात गेलं. जाळीत हात घालून निघेल तेवढं काढलं. ऑफिसला उशीर झाला.

१५ सप्टेंबर, रविवार

थोडं वाचलं. हे प्रकरण फक्त आमच्या गल्लीचं नाही. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात यावर संशोधन प्रसिद्ध झालं. २०१८ च्या आधी सिडनी परिसरातल्या फक्त तीन उपनगरांतून अशा तक्रारी येत होत्या, २०१९ संपेपर्यंत त्या ४४ उपनगरांतून यायला लागल्या. पक्षी एकमेकांचं बघून शिकतात आणि ही विद्या शेजारच्या उपनगरांत पसरत जाते. थव्यातल्या प्रत्येकाला ती जमत नाही. थोड्याच पक्ष्यांना जमते, आणि त्यांत नर जास्त. बाकीचे उघडलेल्या बिनवर येऊन जेवतात.

माझ्या कामाची गोष्ट म्हणजे त्यात झाकण उघडण्याचे टप्पे दिले आहेत. चोचीने कड उचकटायची, झाकण वर करायचं, धरून ठेवायचं, धरलेलं असतानाच बिनच्या काठावरून मागे बिजागरीकडे चालत जायचं, आणि शेवटी झाकण पलटी करायचं. यातला एक टप्पा मोडला तरी झाकण उघडणार नाही. कुठला मोडायचा, ते ठरवायचं आहे.

सुरुवात सगळे करतात त्यानेच केली, म्हणजे विटा. मागच्या अंगणात चार पडल्या होत्या, त्यातल्या दोन घेतल्या. खर्च शून्य.

१९ सप्टेंबर, गुरुवार

उजाडायच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन बसलो. दिवा बंद ठेवला. सहाच्या जरा आधी आवाज आला. काकाकुवा ओरडतो तेव्हा झोपलेली गल्ली उठते. चार-पाच जण विजेच्या तारेवर बसले, एक खाली उतरला आणि थेट झाकणावर आला.

मी दहा पावलांवर होतो. डोळा जवळजवळ काळा, म्हणजे नर. मादीचा डोळा लालसर तपकिरी असतो. तुऱ्यातलं एक पीस अर्धं तुटलेलं होतं, त्यामुळे हा पुढेही ओळखता येईल. त्याने विटेला चोच लावली, मान तिरकी करून खालून बघितलं, मग डावा पाय विटेच्या कडेला टेकवून तिला ढकलायला सुरुवात केली. एकदम जोर लावला नाही. थोडी सरकवायची, थांबायचं, तारेवरच्या सोबत्यांकडे बघायचं, पुन्हा सरकवायची. वीट कडेवर आल्यावर चोचीने शेवटचा धक्का दिला, आणि ती खाली पडत असताना मान वाकवून ती पडताना पाहिली. दुसऱ्या विटेला पहिलीच्या निम्मासुद्धा वेळ लागला नाही.

मग वाचलं होतं अगदी तसंच. कड उचकटली, झाकण चोचीत धरलं आणि काठावरून एकेक पाऊल टाकत मागे गेला. झाकण त्याच्या डोक्यापेक्षा वर गेलं आणि आपल्याच वजनाने पलीकडे पडलं. जेमतेम एक किलोचा पक्षी. पाचव्या टप्प्याला त्याला ताकद लावावीच लागत नाही, त्याच्या चालण्यानेच ते काम होतं.

वजनाचा उपाय इथेच सोडला. सुटी ठेवलेली कुठलीही जड वस्तू तो ढकलणार. जास्त जड ठेवली तर ट्रकने बिन उलटी केली की तीही ट्रकमध्ये जाणार.

२१ सप्टेंबर, शनिवार

अण्णांना फोनवर हे सांगितलं. सोलापूरकडे ज्वारीची कणसं पोपटांपासून राखण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. म्हणाले, "अरे, चमकी बांध. वाऱ्याने फडफडली की पाखरू फिरकत नाही." मुलीचा आग्रह रबरी सापाचा. दोन्ही आणलं. साप सात डॉलर, चमकीची फीत चार.

बायकोने वेगळाच विचार मांडला. "त्याला भूकच आहे ना? मग कुंपणावर वेगळं खायला ठेवूया." मलाही क्षणभर पटलं होतं. पण इथे रानपक्ष्यांना खायला घालू नका असं सांगतात, त्याला कारण आहे. ठरावीक जागी घोळका जमला की चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यात पिसं झडतात, चोच वेडीवाकडी वाढते. शिवाय घराची सवय लागलेले काकाकुवे मग लाकडी कठडे आणि खिडक्यांच्या चौकटी सोलतात. त्यामुळे हा मार्ग बंद.

दगड मारणं, पाण्याचा फवारा मारणं हे मी कुठल्याच टप्प्यावर केलेलं नाही. हा इथला मूळचा पक्षी, कायद्याने संरक्षित. आपण त्याच्या रानाला लागून घरं बांधली आणि खाण्याने भरलेला डबा दर आठवड्याला त्याच्या पुढ्यात ठेवतो. डबा नीट बंद करणं हे आपलं काम आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

साप गवतात पडलेला, एका बाजूचं रबर कुरतडलेलं. चमकी शेजारच्या गमट्रीच्या (निलगिरीच्या जातीच्या झाडाच्या) फांदीवर लोंबत होती. ज्वारीच्या रानात पोपटांना दुसरं रान मोकळं असतं, म्हणून ते चमकी टाळून पुढे जातात. इथे लोंबणारी प्रत्येक वस्तू काकाकुव्याला हाताळून बघायची असते. चमकीने तो आणखी आला, असंच मला वाटतं.

एक फरक मात्र दिसला. या वेळी बिन काठोकाठ भरू दिली नव्हती. झाकण पूर्ण टेकलेलं असलं की कड उचकटायला त्याला बराच वेळ लागतो. झाकण वर राहिलं की पहिला टप्पा आपणच त्याच्यासाठी करून ठेवलेला असतो. बाकी काही जमलं नाही तरी एवढं प्रत्येकाने करावं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

रोज पहाटे उठणं होईना म्हणून ३९ डॉलरचा एक छोटा कॅमेरा कुंपणाच्या खांबावर लावला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

हुकवाली रबरी दोरी आणली, सहा डॉलर. एक हूक झाकणाच्या पुढच्या ओठाला, दुसरा बिनच्या चाकांमधल्या दांड्याला, मधे दोरी ताणलेली. पक्ष्याला झाकण तसूभर हलवता आलं नाही. अडचण अशी की ट्रकच्या यांत्रिक हातालाही ते उघडता येत नाही. म्हणून ट्रक यायच्या आधी बाहेर जाऊन दोरी सोडायला हवी.

सूर्योदय साडेपाचला, ट्रक साडेसहाला. लवकर सोडली तर तो तासभर काकाकुव्यांचा. म्हणून सव्वासहाला सोडू असं ठरवलं. नेमका आज ट्रक सहालाच आला आणि बिन भरलेली तशीच राहिली. आठवडाभर तो वास सोसायचा. सकाळची घाई असलेल्या घरात दोरीचा उपाय चालत नाही.

कॅमेराही गेला. शेवटचं चित्रण बघण्यासारखं आहे. आधी पांढरी पिसं, मग अगदी जवळून एक काळा डोळा, मग उघडी चोच आणि आतली जाड, बोथट, काळपट जीभ. ती जीभ काचेवरून सावकाश फिरते, जणू एखादं फळ पिकलंय का ते चाचपतेय. मग वायर ओढल्याचा आवाज, आणि चित्रण बंद. वायर तीन ठिकाणी तोडली होती. तुऱ्याचं पीस त्याचंच, अर्धं तुटलेलं. मुलीने ते चित्रण जपून ठेवलंय, आणि खरं सांगायचं तर मीही ते पुन्हा पुन्हा पाहिलंय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आता बिजागरीकडे वळलो. झाकण पूर्ण मागे पलटलंच नाही तर? पोहायला शिकताना वापरतात ती फोमची लांब नळी आणली, पाच डॉलर. तिचा तुकडा कापून बिनचा दांडा आणि झाकण यांच्या मधल्या फटीत घट्ट दाबून बसवला. आता झाकण थोडं उघडतं, पण उभ्याच्या पलीकडे जात नाही. पक्ष्याने सोडलं की परत बंद. ट्रकने बिन उलटी केली की कचरा बाहेर पडण्याइतकी वाट राहते.

सकाळी बिन बंद होती. ट्रकने रिकामीही केली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा बंद. ओळखीच्या दोन घरांना हा उपाय सांगितला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

झाकण अर्धवट उघडं, आणि गवतावर निळ्या फोमचे असंख्य बारीक तुकडे.

दोन आठवडे जमलं आणि आज का नाही, यावर संध्याकाळी बराच विचार केला. उत्तर घड्याळात होतं. ६ ऑक्टोबरला इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली. त्याआधी सूर्य साडेपाचला उगवत होता, घड्याळ बदलल्यावर तोच सूर्योदय साडेसहाच्या जवळ गेला. ट्रक घड्याळावर चालतो, काकाकुवा उजेडावर. १० तारखेला सूर्य उगवला सहा-बावीसच्या सुमारास आणि ट्रक आला साडेसहाला. पक्ष्यांना बिनपर्यंत यायला सवडच मिळाली नव्हती. फोमची परीक्षा झालीच नव्हती. आता दिवस वाढतोय, आज सूर्योदय सहाच्या आसपास होता, आणि पक्ष्याला अर्धा तास मिळाला.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये एखादा उपाय करून बघत असाल तर ही गोष्ट आधी लक्षात घ्या. उपाय टिकला असं म्हणण्यापूर्वी त्या दिवशी उजाडल्यापासून ट्रक येईपर्यंत किती वेळ गेला ते बघा. मी आता गुरुवारच्या प्रत्येक नोंदीत सूर्योदयाची वेळ लिहितो.

फोमचा उपाय मी मागे घेतला आहे, आणि त्या दोन्ही घरांना फोन करून तसं सांगितलं. तो फाडायला सोपा आहे आणि त्याचे कण खाडीत जाणार. कचरा वाचवायला निघून असा कचरा करण्यात अर्थ नाही. तुकडे वेचायला दोघांना बराच वेळ लागला, तरी गवताच्या मुळाशी काही राहिलेच.

२७ ऑक्टोबर, रविवार

काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. बिन त्यांची मालमत्ता, तिला भोकं पाडायची नाहीत, स्क्रू मारायचे नाहीत. काढता येईल असं काहीही चालेल, फक्त बिन उलटी झाल्यावर झाकण आपोआप उघडायला हवं.

या दोन अटींत बसणारी वस्तू म्हणजे गुरुत्वाकर्षणावर चालणारं लॉक. बिनच्या पुढच्या बाजूला एक आकडा बसतो, तो झाकणाच्या ओठावर अडकतो. आकड्याच्या मागे छोटं वजन असतं. बिन उभी असताना वजन खाली राहतं आणि आकडा अडकलेला राहतो. ट्रकच्या हाताने बिन आडवी होऊन पुढे उलटायला लागली की वजन दुसरीकडे झुकतं आणि आकडा सुटतो. आपल्याला उघडायचं असेल तेव्हा अंगठ्याने आकडा मागे ओढायचा. २४ डॉलर. बिनभोवती पट्टा आवळून बसवायचं असल्याने भोकं लागत नाहीत.

बसवताना वेळ गेला तो पट्ट्याच्या उंचीत. बिनचं अंग वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, त्यामुळे पट्टा जरा सैल राहिला की घसरतो आणि आकडा ओठापर्यंत पोहोचत नाही. बिनच्या काठाखाली एक उंच कंगोरा आहे, त्याच्या लगेच वर पट्टा आवळला तेव्हा तो टिकला. मग दोघांनी मिळून बिन रिकामी असतानाच उलटी करून पाहिली. आकडा सुटला. अर्धी भरून पाहिली, सुटला. ही चाचणी घरीच करून घ्या, नाहीतर ट्रक न उघडताच निघून जाईल.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. सूर्योदय ५:५७

नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नानासाठी सगळं घर पहाटेच उठलेलं, त्यामुळे या वेळी चौघंही खिडकीशी. आई दोन महिन्यांसाठी इथे आली आहे, तिने हा पक्षी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला.

तुटक्या तुऱ्याचा आला. कड उचकटायला लागला, झाकण बोटभर उचललं आणि अडलं. त्याने चोच सोडली, मागे सरकला, पुन्हा तीच जागा धरली. मग उजव्या कोपऱ्यातून प्रयत्न केला, मग डाव्या. मुलगी ओरडली, "बाबा, त्याला कळलं! तो बघ!" तो झाकणाच्या पुढच्या कडेवरून उलटा वाकला होता, डोकं खाली, तुरा ताठ, आणि आकडा कुठून येतो ते बघत होता. आकडा धातूचा, तिथे चोच चालली नाही. मग त्याला पट्टा सापडला.

आई म्हणाली, "बिचारा किती मनापासून करतोय रे." तेच माझ्याही मनात होतं. एकाच गोष्टीला इतक्या बाजूंनी तपासून बघणारा पक्षी मी दुसरा पाहिलेला नाही.

ट्रक आला तेव्हा पट्टा निम्म्याहून जास्त कुरतडला गेला होता. लॉक टिकलं, ट्रकने बिन रिकामीही केली. पण पुढच्या गुरुवारी हा पट्टा नक्की तुटणार.

२ नोव्हेंबर, शनिवार

पट्ट्याच्या जागी स्टेनलेस स्टीलची बारीक तारदोरी आणि आवळायचा क्लॅम्प. दोन्ही मिळून अकरा डॉलर. तारदोरीची कापलेली टोकं हाताला लागतात, आणि पक्ष्याच्या जिभेलाही लागतील, म्हणून ती दुमडून धातूच्या टोपीत बंद केली. हे करायला विसरू नका. आकड्यापासून दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर सुटलेलं, लोंबणारं काहीही ठेवलं नाही. जे लोंबतं ते तो ओढतो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सूर्योदय ५:४५

मागच्या गुरुवारी आणि आजही बिन बंद. आज उजाडल्यापासून ट्रक येईपर्यंत पाऊण तास होता, म्हणजे ही परीक्षा खरी. तो आला, आकड्याशी खटपट केली, तारदोरी चोचीत घेऊन दोनदा सोडली, आणि उठून समोरच्यांच्या बिनवर गेला. तिथे विटा आहेत.

२०२२ साली 'सायन्स'मधल्या त्या संशोधकांपैकी काहींनी माणसांच्या बाजूचा अभ्यास 'करंट बायॉलॉजी'त मांडला. पक्षी पक्ष्याचं बघून शिकतो तसाच माणूसही शेजाऱ्याचं बघून बिनला उपाय करतो, आणि एका गल्लीतल्या घरांचे उपाय सारखे असतात. आमच्या गल्लीत सगळीकडे विटा आहेत, त्या अशाच. समोरच्या आजोबांना आज लॉक दाखवलं. येत्या शनिवारी त्यांच्या बिनला बसवायला जाणार आहे. एकाच घराने बंद करून उपयोग नाही, गटार सगळ्यांचं एकच आहे.

आतापर्यंतचा खर्च : साप ७, चमकी ४, कॅमेरा ३९, रबरी दोरी ६, फोम ५, लॉक २४, तारदोरी आणि क्लॅम्प ११, एकूण ९६ डॉलर. आज नव्याने सुरू करणाऱ्याला शेवटचे ३५ पुरतील.

पिवळ्या बिनला अजून काही केलेलं नाही. तिच्यात खाण्याचं नसतं, पण पिझ्झाचे खोके असले की तो तिथेही जातो. ती बिन लाल बिनपेक्षा मोठी आहे, घेर जास्त आहे, त्यामुळे तारदोरी लांब लागेल. शनिवारी समोरचं काम झालं की फीत घेऊन माप घेतो आणि इथे लिहितो.